चार कॅमेरे आणि अकरा सेकंद

मंडळाच्या मीटिंगला न जाण्याचे दोन तोटे असतात. एक म्हणजे बटाटेवडे चुकतात. दुसरा म्हणजे जे काम कोणालाच नको असतं, ते आपल्या नावावर लिहिलं जातं. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची मीटिंग झाली तेव्हा मी तापाने झोपले होते. संध्याकाळी फोन उघडला तर निरोप : "नाटकाचं व्हिडिओ एडिटिंग तुझ्याकडे. तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना!"

मी दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे पगार काढते. पण इंग्लंडात बत्तीस वर्षं राहून एक गोष्ट कळली आहे. मंडळात 'मला येत नाही' हे कारण चालत नाही. आपल्यातल्या किती जणींना इथे येण्याआधी मोदक वळता येत होते? किती जणांनी ढोल गळ्यात अडकवला होता? गरज पडली, शिकलो. तसंच हे, असं म्हणून मी हो म्हटलं.

नाटक आपलंच, घरी लिहिलेलं, दोन अंकी. ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल : पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले वडील, त्यांची सून, आणि घरातल्या थर्मोस्टॅटवरून दोघांत चाललेलं शीतयुद्ध. वडिलांचं काम काकांनी केलं होतं. आपल्याकडे ज्यांना सगळे नुसतं 'काका' म्हणतात, तेच. वय शहात्तर, तरुणपणी मुंबईला कामगार नाट्यस्पर्धेत कामं केलेली. प्रॉम्प्टिंगला अर्थातच काकू, विंगेत घडीच्या खुर्चीवर, मांडीवर वही आणि हातात छोटी बॅटरी. हे सगळं मी काकूंना विचारून लिहिते आहे. त्यांनी लेख वाचला आणि एकच शब्द बदलायला लावला. कोणता, ते पुढे येईलच.

नाटक चार कॅमेऱ्यांवर घेतलं होतं. पहिला कॅमेरा मंडळाचा जुना कॅमकॉर्डर, हॉलच्या अगदी मागे तिवईवर, अख्खा रंगमंच दाखवणारा. दुसरा फोटो काढायचा कॅमेरा, खजिनदारांच्या मुलाच्या हातात, डावीकडे. तिसरा माझ्या नणंदेने न्यू जर्सीहून आणलेला. तो उजवीकडे माझ्या नवऱ्याकडे होता, आणि जवळून चेहरे टिपायचं काम त्याचं. चौथा कॅमेरा कोणी ठरवलेलाच नव्हता. पडदा ओढायला विंगेत उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीने हौसेने आपला फोन एका खोक्याला टेकवून चालू ठेवला होता. शिवाय माइकचा आवाज मिक्सरमधून थेट एका रेकॉर्डरवर घेतला होता.

अशा चार चित्रांचं एक चित्र करण्याला मल्टिकॅम म्हणतात. कल्पना सोपी आहे. चारही चित्रं टाइमलाइनवर एकाखाली एक अशी लावायची, की एकच क्षण चौघांत एकाच रेषेवर येईल. मग पडद्यावर चार चौकटी शेजारी-शेजारी चालू होतात आणि आपण ज्या चौकटीवर टिचकी मारू ते चित्र प्रेक्षकाला दिसतं. टीव्हीवरच्या क्रिकेटसारखं. मला वाटलं, दोन शनिवारांचं काम. जुलै उजाडला.

पहिल्या दिवशी चारही चित्रं जुळली आणि मी खुशीत टिचक्या मारत सुटले. चालवून पाहिलं तर कॅमेरा बदलला की आवाजही बदले. काका जवळून दिसले की शेजारच्या रांगेतला खोकला, लांबून दिसले की विहिरीतून बोलल्यासारखे. कारण प्रत्येक कॅमेरा आपला आवाज सोबत घेऊनच येत होता. त्यावर उपाय असा, की चारही कॅमेऱ्यांचे आवाज बंद करायचे आणि मिक्सरच्या रेकॉर्डरचा एकच आवाज सलग खाली ठेवायचा. हे कळायला मला एक आठवडा लागला.

पण आवाज बंद करायचे ते चित्रं जुळवून झाल्यावर. कारण सॉफ्टवेअर चित्रं जुळवतं तेच मुळी आवाज ऐकून. सिनेमावाले त्यासाठी पाटी आपटतात. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे : तिसरी घंटा! काकूंच्या देवघरातली पितळी घंटा आवाजाच्या आलेखात सुळक्यासारखी उभी दिसत होती. तिथे सगळ्यांना एका रेषेत आणलं. तरी मागचा कॅमेरा किंचित पुढे-मागे वाटायचा. मग शाळेतलं भौतिकशास्त्र आठवलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. हॉलच्या टोकाशी, वीस मीटरवर, घंटा पोचायला जवळजवळ ०.०६ सेकंद लागतो. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे दीड फ्रेमचा उशीर. आवाज जुळला की चित्र तेवढं चुकतं. चित्र एखाद्या फ्रेमने सरकवलं आणि मामला मिटला.

न्यू जर्सीच्या कॅमेऱ्याने मात्र घाम काढला. पहिल्या अंकात ठीक चाललेला तो दुसऱ्या अंकात पुढे पळायला लागला. सूनबाईचे ओठ हलून व्हायचे आणि चार सेकंदांनी शब्द यायचे. झालं होतं असं : इथे आणि भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सचा. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून ३०. पण ते ३० खरं ३० नाही, २९.९७ आहे. १९५३ साली तिथे रंगीत टीव्हीची पद्धत मंजूर झाली, तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा संदेश एकमेकांत अडकू नयेत म्हणून वेग हजारामागे एकाने कमी केला गेला. मी हिशेबाची बाई असून २९.९७ ला 'तीसच धरू' म्हणून तीस लिहून टाकलं होतं. तासाला ३.६ सेकंदांची तूट! पगारात अशी चूक केली असती तर घरी बसवलं असतं. आकडा दुरुस्त केला आणि सूनबाई वेळेवर बोलायला लागल्या. त्याच कॅमेऱ्यात चित्रावरून काळसर पट्टे सरकत होते, तेही या विजेमुळेच. इथले दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात आणि कॅमेऱ्याचं शटर होतं अमेरिकेच्या साठच्या हिशेबाने. ते १/५० ला ठेवलं असतं तर पट्टे आले नसते. आता ते चित्रात कायमचे होते.

दुसरा कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की आपोआप बंद पडायचा. फोटोच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ही मर्यादा असायची, कारण त्याहून जास्त वेळ चालणाऱ्याला युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून जास्त जकात पडे. खजिनदारांच्या मुलाने पुन्हा बटण दाबायचं होतं. तो नाटकात रंगला आणि दुसऱ्या अंकात कित्येक मिनिटं त्याचा कॅमेरा झोपून राहिला. त्याला मी रागावले नाही. नाटक पाहूनच हसत होता बिचारा.

आणि मग अडसष्टाव्या मिनिटाला आवाजच गेला.

प्रवेश असा होता : काका वर्तमानपत्र खाली ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात, आणि थर्मोस्टॅटकडे बघत सुनेला एक वाक्य ऐकवतात. पत्र खाली ठेवलं, चष्मा वर गेला, आणि पुढे आवाजाची रेघ सपाट. अकरा सेकंद. मी आधी पहिल्या कॅमेऱ्याला दोष दिला. जुने कॅमकॉर्डर लांब चित्रीकरणाचे तुकडे करून ठेवतात, आणि कार्डावरचं सगळं फोल्डर न उचलता नुसत्या व्हिडिओच्या फाइली उचलल्या की सांध्यावर आवाज गळतो. ती चूक मी केलेलीच होती. अख्खं कार्ड पुन्हा उतरवलं. बाकीचे सांधे जुळले, हे अकरा सेकंद तसेच. रेकॉर्डर तपासला, तिथेही शांतता. तिसऱ्या कॅमेऱ्यात शांतता. चौथ्यात फक्त पंख्याची घरघर.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. यंत्रात कुठेच बिघाड नव्हता. काका थांबले होते.

मी इथे 'विसरले' असं लिहिलं होतं. काकूंनी बदलायला लावलेला शब्द तो.

हॉलमध्ये बसून ते कोणालाच जाणवलं नव्हतं. कारण अकराव्या सेकंदाला काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, सुनेकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तरीच! मला वाटलं, इथलं धुकं घरात शिरलंय." हॉल हसून कोसळला. हे वाक्य वहीत नव्हतं. पुढचं नाटक सुरळीत झालं आणि लोक म्हणाले, काय पॉझ घेतला!

व्हिडिओत मात्र तो पॉझ लांबलचक वाटत होता. दिग्दर्शकांचं मत पडलं की काढून टाकावा. मल्टिकॅममध्ये हे फार सोपं असतं. मागच्या कॅमेऱ्यावरून जवळच्या कॅमेऱ्यावर जाताना मधले नऊ सेकंद कापायचे. चित्र बदललं की वेळ उडाल्याचं डोळ्याला कळत नाही. कापले. काकांची लाज राखली असंही मनाला वाटलं.

चौथ्या कॅमेऱ्याचा तो तुकडा मी तेव्हा एकदा पाहिला होता. पुढे काकूंची खाली झुकलेली आकृती, मागे उजेडात लहानसे काका. काकांचा हात चष्म्याकडे जातो, आणि त्यानंतर काकूंचा दबका आवाज : "अहो, चष्मा." म्हणजे काकांना स्वतःलाच सुचलं आणि काकूंनी कौतुकाने म्हटलं, असा मी अर्थ लावला. ऑगस्टमधल्या सहलीत सगळ्यांसमोर सांगितलंही, "काकांना प्रॉम्प्टर लागतच नाही!" काकू शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "हो गं, यांचं असंच असतं." काका खुश होऊन दाण्याची चटणी वाढत राहिले.

ऑक्टोबरात काकांना मेमरी क्लिनिकला नेलं. निदान काय झालं ते आता सर्वांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. दिवाळीनंतर एका रात्री काकूंचा फोन आला.

"नाटकाचं तू जे कापलंस, ते तुझ्याकडे आहे का अजून?"

"काय काकू?"

"हे थांबले होते ते. नाही त्यात."

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "काकू, मला वाटलं, तुम्हालाच ते नको असेल."

"मी तेव्हा वहीत बघत होते गं. प्रॉम्प्टरने वहीवरची नजर काढायची नसते. हे थांबले आणि मी ओळ शोधत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओळ सापडेना. यांचा चेहरा मी बघितलाच नाही. घाबरले होते का, तेवढंच मला बघायचंय."

एडिटिंगबद्दल मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट त्या रात्री आठवली. कापलेलं काही कुठे जात नाही. सॉफ्टवेअर मूळ फाइलीला हात लावत नाही, फक्त 'इथून इथपर्यंत दाखव' अशी नोंद ठेवतं. आणि मल्टिकॅममध्ये तर न निवडलेले कॅमेरेही खाली तसेच चालू असतात. दिसत नसतात, एवढंच. मी नोंद पुसली आणि ते नऊ सेकंद परत आले.

मला काकांचा चेहरा हवा होता आणि शेजारी काकूही हव्या होत्या. तिसरा आणि चौथा कॅमेरा, एकाच पडद्यावर अर्धा-अर्धा. दोन्ही लावले आणि गडबड लक्षात आली. तिसऱ्यात काकांचा हात एका क्षणी उठत होता, चौथ्यात त्याच्या दीड सेकंद आधी. हात तर एकच. दोन्ही कॅमेरे खरे असू शकत नव्हते.

चूक फोनच्या चित्राची होती. फोन सेकंदाला ठरलेल्या फ्रेम्स घेतोच असं नाही. अंधार असला की तो एकेका फ्रेमला जास्त उजेड देतो आणि संख्या कमी करतो. विंगेत अंधारच होता. सॉफ्टवेअर मात्र सगळीकडे तीस फ्रेम्स आहेत असं समजून चाललं, त्यामुळे चित्र आवाजाच्या पुढे सरकत गेलं. अडसष्ट मिनिटांत दीड सेकंद. आवाज आपल्या जागी होता, चित्र पळालं होतं. उन्हाळ्यात मी ओठ आणि आवाज ताडून पाहिलेच नव्हते. काकूंचं तोंड वहीवर झुकलेलं, कोण बघतंय?

'हँडब्रेक' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल घालून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडलं की फ्रेम्स सारख्या अंतराने नव्याने लिहिल्या जातात. रात्रभर ते चालू ठेवलं. सकाळी चहाआधी नवी फाइल लावली, तिसऱ्या घंटेला जुळवली, आणि अडसष्टाव्या मिनिटाला गेले.

उजवीकडे काकू वहीत. पान उलटतात, परत मागे येतात. बॅटरी हलते. डावीकडे काका. काळे पट्टे सरकताहेत, तरी चेहरा स्वच्छ दिसतो. ते घाबरलेले नाहीत. रंगमंचावर शोधाशोध नाही, प्रेक्षकांकडे बघणं नाही. ते सरळ विंगेकडे बघताहेत. कल्याणला ओळखीची लोकल यायची वाट बघावी, तसे. येणार आहे हे ठाऊक, किती वाजता एवढाच प्रश्न. नवव्या सेकंदाला काकू मान वर करतात. वही मिटतात. ओठ हलतात, "अहो, चष्मा." आणि मग काकांचा हात उठतो.

आधी शब्द, मग हात.

मी काकूंना फोन केला. "काकू, तुम्ही आधी बोलला होतात. त्यांना सुचलं नव्हतं."

"हो."

"मग सहलीत मी एवढं बोलले, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"हे ऐकत होते ना शेजारी बसून."

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पण धुक्याचं यांचंच बरं का. मी नुसता चष्मा सांगितला. ओळ सांगितली असती तर यांनी पाठांतर म्हटलं असतं. आणि ओळ सापडलीच नव्हती."

मंडळाच्या वेबसाइटवरची प्रत मी आता बदलली आहे. दिग्दर्शकांनी स्वतः सांगितलं, अकराच्या अकरा सेकंद ठेव. शेजारी-शेजारी लावलेली चित्रं मात्र फक्त काकूंकडे आहेत.

पुढच्या वर्षी जे कॅमेरे धरणार आहेत त्यांना हात जोडून चार गोष्टी सांगते. सगळे कॅमेरे २५ फ्रेम्स आणि १/५० शटरवर ठेवा, अमेरिकेतल्या नणंदेचाही. फोन असेल तर फ्रेमरेट पक्का ठेवणारं ॲप वापरा आणि फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर ऐन प्रवेशात आत्याचा फोन येतो. मिक्सरचा आवाज वेगळा घ्या. तिसऱ्या घंटेआधी सगळे कॅमेरे चालू करा आणि मध्यंतरापर्यंत बंद करू नका. जो आपोआप बंद पडतो, त्याच्या माणसाच्या हाताला घड्याळ बांधा. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. मी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरली, तीत मल्टिकॅम आहे. चुका सगळ्या माझ्या होत्या. आणि पाचवी गोष्ट : एक कॅमेरा विंगेत ठेवाच.

तो व्हिडिओ मी काकूंच्या टीव्हीवर लावून दिला, त्या दिवशी काका आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. आपण पडद्यावर आहोत हे त्यांना कळलं की नाही, सांगता येणार नाही. अकरा सेकंद शांतता झाली. काकू टीव्हीकडे बघत होत्या, काका काकूंकडे. टीव्हीतून आवाज आला, "अहो, चष्मा." काकांचा हात आपसूक कपाळाकडे गेला. तिथे काहीच नव्हतं.

"नाकावर आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी चाचपून पाहिलं. "तरीच," म्हणाले, "स्पष्ट दिसतंय."